फळ्यावरचं आणि कार्डावरचं

सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये येणारं ग्रे कापड बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. सुरतेच्या रिंग रोडवरच्या मार्केटातला व्यापारी यंत्रमागावर विणलेलं कोरं पॉलिएस्टर चलनासोबत पाठवतो. गिरणी ते धुते, रंगवते, छापते आणि जॉबवर्कची मजुरी लावून परत करते. एकाच दिवशी कितीतरी व्यापाऱ्यांचे लॉट खात्यात पडलेले असतात आणि रंगाआधी सगळे सारखेच पांढरट दिसतात. म्हणून लॉटसोबत कागद फिरतो. लॉट नंबर, पार्टी, मीटर, शेड, पुढे काय काय करायचं, सगळं त्यावर. जेट मशीनवरचा माणूस १३० अंशांपर्यंत तापमान नेतो, स्टेंटरवरचा १८० च्या आसपास कापड सेट करतो, पण यातलं कोणीही ‘हा लॉट कुणाचा?’ म्हणून ऑफिसात विचारायला जात नाही. हातात आलेलं कार्ड वाचायचं आणि काम करायचं.

आता समजा, खात्यात भिंतीवर एक फळाही आहे. आज कुठली पाळी, कुठलं मशीन बंद, कुठल्या पार्टीचा माल आधी काढायचा. खात्यात उभा असलेला कोणीही मान वर करून तो वाचू शकतो. पण शेजारच्या शेडमधल्या फोल्डिंगवाल्याला फळा दिसत नाही, कारण मधे भिंत आहे. त्याला जे कळायला हवं ते कार्डावर यायला हवं.

या प्रकरणाचा विषय एवढाच आहे. फक्त गिरणीच्या जागी संगणकावरची बिल्ड पाइपलाइन आहे, आणि त्या पाइपलाइनमधल्या क्लासला फळा दिसत नाही म्हणून जगभरचे प्रोग्रॅमर तासन् तास डोकं धरून बसतात.

उदाहरण कडोदऱ्याचंच घेऊ. चलथाण स्टेशन इथून जवळ, आणि चलथाणवरून जाणारी उधना-जळगाव लाइन खानदेशाला सुरतेशी जोडते. त्या लाइननं आलेल्या मराठी माणसांनी लिंबायत-उधन्याचे माग चालवले. त्यांची पुढची पिढी संगणकावर बसते. तर अशी चार-पाच जणांची एक टोळी एका प्रोसेस हाउससाठी तीन प्रोग्रॅम सांभाळते असं धरू: लॉटची नोंद ठेवणारा, मजुरीचं बिल काढणारा, आणि फोल्डिंगमधून माल सुटला की व्यापाऱ्याच्या मोबाइलवर निरोप धाडणारा. तिन्हींचा कोड वेगळा, पण तिन्हींवर करायचे संस्कार सारखे. कोड उचला, तपासा, बांधा, सर्व्हरवर चढवा. हे काम जेंकिन्स नावाचं सॉफ्टवेअर करतं.

जेंकिन्सचा जन्म एका प्रोग्रॅमरच्या अडचणीतून झाला. कोहसुके कावागुची २००४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होता. त्याच्या कोडमुळे बिल्ड मोडायचं आणि सहकाऱ्यांची बोलणी खावी लागायची. मोडलं तर ते इतरांच्या आधी आपल्याला कळावं म्हणून त्यानं हडसन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाजलं, आणि २०११ च्या सुरुवातीला वापरणाऱ्यांनी मतदान घेऊन प्रकल्पाचं नाव जेंकिन्स केलं. सुरुवातीची बरीच वर्षं कामं वेब पानावरच्या रकान्यांत भरावी लागत. कोणी काय बदललं याचा सहज पत्ता लागत नसे. २०१४ च्या अखेरीस वर्कफ्लो नावाचं प्लगइन आलं, आणि एप्रिल २०१६ मधल्या जेंकिन्स २.० पासून पाइपलाइन कोडमध्ये लिहिणं हीच मुख्य वाट झाली. प्रत्येक प्रोग्रॅमच्या रिपॉझिटरीत जेंकिन्सफाइल नावाची एक फाइल, तिच्यात ग्रूव्ही भाषेतल्या ओळी.

तीन प्रोग्रॅम म्हणजे तीन जेंकिन्सफाइली. तिन्हींत तेच ते. सर्व्हरचा पत्ता बदलला की तीन ठिकाणी बदला, त्यातलं एक नक्की विसरा. यावर उपाय शेअर्ड लायब्ररी. सामाईक कोड वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवायचा आणि प्रत्येक जेंकिन्सफाइलनं वरच्या ओळीत तिला हाक मारायची. या लायब्ररीत दोन महत्त्वाचे कप्पे असतात. ‘व्हार्स’ या फोल्डरमध्ये स्क्रिप्टच्या फाइली. तिथे ‘निरोप’ नावाची फाइल ठेवली, की जेंकिन्सफाइलमध्ये कुठेही निरोप हे नाव उच्चारता येतं. त्यालाच ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. दुसरा कप्पा ‘एसआरसी’. त्यात रीतसर पॅकेज केलेले क्लास. लहानसहान गोष्टींसाठी व्हार्स पुरतो. पण तर्क वाढायला लागला की हुशार पोरं म्हणतात, आता हे नीट क्लासमध्ये लिहू. आणि तिथेच अडकतात.

अडकणं असं दिसतं. जेंकिन्सफाइलमध्ये ‘एन्व्ह डॉट बिल्ड नंबर’ लिहिलं तर चालू बिल्डचा नंबर मिळतो. ‘एसएच’ लिहून कमांड दिली तर ती बिल्ड चालू असलेल्या मशीनवर चालते. ‘निरोप’ म्हटलं की निरोप जातो. याच तीन ओळी जशाच्या तशा उचलून ‘पाठवणी’ नावाच्या क्लासात टाकल्या, की बिल्ड लाल. लॉगच्या तळाशी ‘मिसिंग प्रॉपर्टी एक्सेप्शन’, आणि पुढे खुलासा: नो सच प्रॉपर्टी, एन्व्ह, फॉर क्लास पाठवणी. एन्व्हची ओळ काढून टाकली तर हेच रडगाणं एसएचबद्दल, फक्त या वेळी ‘मिसिंग मेथड’ म्हणून. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं स्पेलिंग चुकलं. मग वाटतं इम्पोर्ट राहिला. मग तो जेंकिन्स रीस्टार्ट करतो. यातल्या कशानंही फरक पडत नाही.

कारण ग्रूव्हीच्या घडणीत आहे. जेम्स स्ट्रॅचन यानं २००३ मध्ये ही भाषा जाहीर केली ती जावाच्या यंत्रावर चालणारी, पण जावाइतका सोपस्कार न मागणारी म्हणून. जावात तेव्हा सगळं काही क्लासच्या आत लिहावं लागे. ग्रूव्हीत सुट्या ओळी लिहिल्या तरी चालतं. पण चालवणारं यंत्र तेच जावाचं, म्हणून ग्रूव्ही पडद्याआड त्या सुट्या ओळींचा एक क्लास बनवते. तुमच्या सगळ्या ओळी ‘रन’ नावाच्या एका मेथडमध्ये बसतात आणि हा क्लास ‘स्क्रिप्ट’ या मूळ क्लासचा वारस असतो. स्क्रिप्टजवळ एक ‘बाइंडिंग’ असतं, म्हणजे नाव आणि किंमत यांची वही. एखादं नाव कुठेच सापडलं नाही तर स्क्रिप्ट शेवटी या वहीत पाहते.

जेंकिन्सनं यावर आपला एक थर चढवला. जेंकिन्सफाइलपासून बनलेला क्लास साध्या स्क्रिप्टचा थेट वारस नसतो, जेंकिन्सच्या स्वतःच्या स्क्रिप्टचा असतो. तिला कोणी अनोळखी नाव विचारलं की ती वही तर बघतेच, शिवाय एन्व्ह, पॅराम्स, करंटबिल्ड ही जेंकिन्सनं दिलेली आणि व्हार्समधली तुमची नावंही धुंडाळते. अनोळखी मेथड आली तर ती एखादी पाइपलाइन स्टेप आहे का ते पाहते. एसएच, इको, गिट अशा शब्दांना अर्थ येतो तो इथे. म्हणजे ज्याला आपण ग्लोबल म्हणतो ते हवेत कुठेही भरून राहिलेलं नाही. ते स्क्रिप्टला विचारलं तरच मिळतं. व्हार्समधल्या फाइलीसुद्धा स्क्रिप्टच असतात, म्हणून त्यांना मिळतं. एसआरसीमधला पाठवणी हा साधा क्लास आहे, स्क्रिप्टशी त्याचं नातंगोतं नाही. त्याच्या शेडमधून फळा दिसत नाही.

याच ठिकाणी दुसरा एक घोळ होतो. जेंकिन्सफाइलमध्येच वर ‘डेफ सर्व्हर’ असं लिहून किंमत दिली आणि खाली त्याच फाइलीत एक मेथड लिहिली, तर त्या मेथडलाही सर्व्हर सापडत नाही. डेफ लावलं की ते रन मेथडचं खासगी होतं, बाहेर कोणाचं नाही. डेफ काढून टाका, चालायला लागतं, कारण आता ते वहीत गेलं. इंटरनेटवरचा निम्मा सल्ला ‘डेफ काढा’ एवढाच असतो. चालतं हे खरं, पण का चालतं ते न कळता काढलेला डेफ पुढे कधी तरी दुसऱ्याच नावावर उठतो. ते नाव खरोखर सगळ्या स्क्रिप्टचं असेल तर त्यावर ‘फील्ड’ ही खूण लावावी. मग ते रनमधून निघून स्क्रिप्टच्या क्लासचं होतं आणि वाचणाऱ्यालाही हेतू दिसतो.

तर क्लासला पोचवायचं कसं? कार्डावरून. क्लास बनवताना स्क्रिप्टच त्याच्या हातात द्यायची. जेंकिन्सफाइलमध्ये ‘न्यू पाठवणी’ लिहून कंसात ‘धिस’. इथला धिस म्हणजे चालू स्क्रिप्ट स्वतः. क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ती ‘स्क्रिप्ट’ नावाच्या जागेत ठेवायची आणि पुढे प्रत्येक वेळी तिच्याकडून मागायचं: स्क्रिप्ट डॉट एन्व्ह, स्क्रिप्ट डॉट एसएच. तुमचं स्वतःचं ग्लोबलही याच दारानं येतं. व्हार्समधलं निरोप हवं असेल तर स्क्रिप्ट डॉट निरोप. अनेकांना वाटतं एन्व्हसाठी एक रीत आणि आपल्या व्हार्ससाठी दुसरी असेल. नाही, विचारायची खिडकी एकच. जेंकिन्सच्या अधिकृत माहितीतही हाच रस्ता दिलेला आहे. क्लासचं ऑब्जेक्ट नको असेल तर स्टॅटिक मेथडला पहिलाच पॅरामीटर म्हणून स्क्रिप्ट दिली तरी भागतं.

डिक्लरेटिव्ह ढंगानं लिहिलेल्या जेंकिन्सफाइलीत एक जास्तीची पायरी. तिथे स्टेप्सच्या रकान्यात मनाला येईल ते ग्रूव्ही लिहिता येत नाही, म्हणून ही न्यूची ओळ स्क्रिप्ट नावाच्या ठोकळ्यात बसवावी लागते. मी तर म्हणेन, ती ओळ जेंकिन्सफाइलीत नकोच. व्हार्समध्ये एक छोटी फाइल ठेवा, तिच्या ‘कॉल’ मेथडमध्ये न्यू पाठवणी करा, धिस द्या. जेंकिन्सफाइल लिहिणाऱ्याला फक्त एक शब्द दिसतो आणि आतली भानगड लायब्ररीवाल्यांकडे राहते.

इथवर आलेला माणूस सुटकेचा श्वास सोडतो. तोच बिल्ड पुन्हा लाल होतं, या वेळी ‘नॉट सीरियलायझेबल एक्सेप्शन’ म्हणून.

हे समजायला जेंकिन्सची एक हौस ठाऊक हवी. पाइपलाइन मधेच थांबू शकली पाहिजे आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी तिथूनच पुढे चालली पाहिजे, असा जेंकिन्सचा आग्रह. नवं बिलिंग चढवण्याआधी शेठची परवानगी हवी, म्हणून पाइपलाइन ‘इनपुट’ स्टेपवर थांबली. शेठ लग्नाला गेले. मधे वीज गेली, सर्व्हर झोपला, सकाळी उठला. शेठनं होकार दिला आणि काम पुढे सरकलं. यासाठी जेंकिन्स तुमचा कोड जसाच्या तसा चालवत नाही. ते आधी त्याचं रूपांतर करतं, ज्याला कंटिन्युएशन पासिंग स्टाइल, थोडक्यात सीपीएस, म्हणतात. प्रत्येक पायरीनंतर ‘आता पुढे काय’ हे हातात धरता येईल अशी वस्तू बनते, आणि ती वस्तू, त्या घडीच्या सगळ्या व्हेरिएबलसकट, बिल्डच्या फोल्डरमध्ये ‘प्रोग्रॅम डॉट डॅट’ या फाइलीत लिहून ठेवली जाते. तुमचा पाठवणी क्लास त्या वेळी हजर असेल तर तोही लिहिला जाणार. जावाच्या नियमानं डिस्कवर लिहिता यायचं असेल तर क्लासनं तसं आधी जाहीर करावं लागतं. म्हणून क्लासच्या नावापुढे ‘इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल’ हे दोन शब्द हवेत. स्क्रिप्ट स्वतः लिहिता येण्याजोगी आहेच, तिची काळजी नको. काळजी क्लासच्या पोटात असलेल्या बाकीच्या वस्तूंची. ग्रूव्हीच्या जेसन स्लर्परनं दिलेला नकाशा तसाच धरून ठेवला तर तो लिहिता येत नाही आणि बिल्ड पडतं. त्याऐवजी जेसन स्लर्पर क्लासिक वापरला तर साधा नकाशा मिळतो, तो लिहिता येतो.

याच रूपांतराचा आणखी एक पेच म्हणजे कन्स्ट्रक्टर. त्याचं रूपांतर होत नाही. म्हणून स्क्रिप्ट हातात आली आणि लगेच कन्स्ट्रक्टरमध्येच एसएच चालवू म्हटलं तर ते जमत नाही. कन्स्ट्रक्टरनं घ्यायचं आणि ठेवायचं, काम मेथडमध्ये. ‘नॉन सीपीएस’ ही खूण लावलेल्या मेथडचंही तेच. तिच्यात यादीची क्रमवारी लावा, मजकूर तोडा-जोडा, पण स्टेपला हात लावू नका.

काही जण या सगळ्याला वैतागून आडवाट धरतात: क्लासमध्ये एक स्टॅटिक जागा करायची, बिल्डच्या सुरुवातीला स्क्रिप्ट तिच्यात टाकायची, मग कुठल्याही क्लासनं कधीही तिथून उचलायची. दिसायला छान. कन्स्ट्रक्टरचा व्याप वाचला, प्रत्येक ठिकाणी धिस पाठवणं वाचलं. पण स्टॅटिक जागा सीरियलायझेशनमध्ये लिहिली जात नाही. शेठ लग्नाहून येईपर्यंत सर्व्हर उठून बसला असेल तर ती जागा रिकामी, आणि पाइपलाइन नल पॉइंटरवर आपटते. तेही रोज नाही, फक्त ज्या दिवशी वीज गेली त्या दिवशी. असा दोष शोधताना माणूस म्हातारा होतो. त्यापेक्षा रोज आणि तत्काळ पडणारा दोष परवडला.

एन्व्हबद्दल एक गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी आहे, कारण क्लासमध्ये ती जास्त सलते. एन्व्हमध्ये जे ठेवाल ते मजकूर होऊन बसतं. ‘एन्व्ह डॉट तातडी’ला फॉल्स दिलं, तर आत जातो तो ‘फॉल्स’ हा मजकूर. आता क्लासमध्ये कोणी ‘इफ स्क्रिप्ट डॉट एन्व्ह डॉट तातडी’ असं लिहिलं, तर ग्रूव्हीच्या लेखी रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खरा. तातडी नसलेला प्रत्येक लॉट तातडीचा ठरतो. लॉगमध्ये छापून पाहा, फॉल्सच दिसेल आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्याल. तुलना मजकुराशीच करा, नाहीतर ‘टू बूलियन’ करून घ्या. शिवाय एन्व्ह साऱ्या बिल्डला एकच. पॅरललमध्ये तीन प्रोग्रॅम एकाच वेळी बांधायला लावले आणि तिन्ही फांद्यांनी ‘एन्व्ह डॉट सर्व्हर’ लिहिलं, तर शेवटी लिहिणाऱ्याचं खरं. बिलिंग लॉट नोंदीच्या सर्व्हरवर चढतं. त्या फांदीपुरती किंमत हवी असेल तर ‘विथ एन्व्ह’च्या कंसात काम करावं. त्याचा अंमल कंसाबाहेर जात नाही.

आता स्क्रिप्ट अख्खी द्यायची की तिच्यातलं हवं तेवढंच? जेंकिन्सची अधिकृत माहिती अख्खी देण्याकडे झुकते, कारण दहा व्हेरिएबल एकेक करून देण्यापेक्षा एक देणं सोपं. मला ते सरसकट पटत नाही. जो क्लास कमांड चालवतो, निरोप धाडतो, त्याला स्क्रिप्ट द्यावीच लागते. पण बिल्ड नंबर आणि गिटमधल्या फांदीचं नाव घेऊन नुसतं आवृत्तीचं नाव तयार करणाऱ्या क्लासला स्क्रिप्ट कशाला? त्याला दोन शब्द द्या, तो तिसरा देईल. हा क्लास एन्व्हला हातच लावू शकत नाही, म्हणून एन्व्हनं केलेला कुठलाही घोळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाचणाऱ्यालाही कन्स्ट्रक्टर पाहून कळतं की हा कशावर अवलंबून आहे. स्क्रिप्ट दिलेल्या क्लासबद्दल ते कळायला पूर्ण क्लास वाचावा लागतो.

चाचणीच्या वेळी हा फरक लगेच जाणवतो. आवृत्तीचं नाव बनवणारा क्लास तपासायला जेंकिन्स लागतच नाही. लॅपटॉपवर दोन मजकूर देऊन उत्तर पाहिलं की झालं. स्क्रिप्ट मागणाऱ्या पाठवणीसाठी एक खोटी स्क्रिप्ट बनवावी लागते. तिच्यात एसएच नावाची मेथड, जी काहीच चालवत नाही, आलेली कमांड फक्त यादीत टिपून ठेवते, आणि एन्व्ह म्हणून एक साधा नकाशा. मग पाठवणीला तिच्यावर चालवायचं आणि यादी वाचायची: योग्य सर्व्हरवर, योग्य क्रमानं, योग्य फाइल गेली का. जेंकिन्स पाइपलाइन युनिट नावाची तयार लायब्ररीही याच कामासाठी आहे. पण आधी हातानं वीस ओळींची खोटी स्क्रिप्ट लिहून पाहावी. कुठली मेथड खोटी बनवायची राहिली हे चाचणी पडली की कळतं, आणि त्या यादीवरून आपला क्लास स्क्रिप्टकडून नेमकं काय काय मागतो हेही पहिल्यांदाच समोर येतं. यादी फार लांबली तर क्लासचे दोन करायची वेळ आली आहे.